दहापैकी नऊ

डोहाची कड उजळल्याचा निरोप आला तेव्हा निलाक्षी वाकोडे अंजिरं उलटत होती.

सासवडच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला असलेल्या गणन केंद्रात याचं कुणाला नवल वाटत नसे. केंद्राचा महासंगणक चालू असला की त्याची ऊन हवा मागच्या बाजूने बाहेर पडायची. ती वाया जाऊ नये म्हणून गावातल्या बचत गटाच्या बायकांनी तिथे शेड घालून जाळ्यांवर अंजिरं वाळत टाकायला सुरुवात केली होती. मोठं सिम्युलेशन लागलं की त्या आठवड्यात अंजिरं झटक्यात वाळत. निलाक्षीला काही सुचेनासं झालं की ती शेडमध्ये येई आणि एकेक फळ उलटत बसे.

फरझाना तांबोळी दारातूनच बोलली. दुर्बिणींकडून येणारा डेटा तपासण्याचं काम तिच्याकडे होतं.

"मॅडम, बाहेरची कड. सकाळपासून चढतेय. मी तीन दुर्बिणींचं जुळवून पाहिलं."

"किती?"

"दुपटीच्या जवळ."

निलाक्षीने हातातलं अंजीर जाळीवर ठेवलं, हात ओढणीला पुसले आणि ती आत गेली.

डोह म्हणजे सात प्रकाशवर्षांवरचं एक कृष्णविवर. सूर्याच्या दसपट वजनाचं. काही वर्षांपूर्वी मागच्या ताऱ्यांचा प्रकाश एका ठिकाणी वाकतो आहे असं लक्षात आलं, तेव्हा ते सापडलं. त्याला लांबलचक क्रमांकाचं नाव होतं, पण मराठी वर्तमानपत्रांनी त्याचा डोह केला आणि तेच रूढ झालं. लोक आधी घाबरले. मग शास्त्रज्ञांनी सांगितलं की ते आपल्याला ओढणार नाही, गिळणारही नाही. ते खरंच होतं. धोका त्याच्या ओढीत नव्हता, त्याच्या जेवणात होता.

डोहाभोवती एक विझका गोळा फिरत होता, तारा व्हायचा राहून गेलेला. त्याच्या अंगावरचा वायू सुटून डोहाकडे जात होता. पण वायूला कृष्णविवरात पडणं वाटतं तितकं सोपं नसतं. त्याच्या अंगात गिरकी असते. ती गेल्याशिवाय तो आत पडत नाही, नुसता भोवती फिरत राहतो आणि त्याची एक चपटी चकती तयार होते. गिरकी काढून घ्यायचं काम चुंबकीय रेषा करतात. त्या ताणलेल्या रबरासारख्या आतल्या आणि बाहेरच्या वायूला बांधतात, आतल्याला मागे खेचतात, तो मंदावतो आणि आणखी आत घसरतो. मात्र वायू थंड असेल तर चुंबकाची त्याच्यावर पकड बसत नाही. मग तो पडतही नाही. साठत जातो. वर्षानुवर्षं.

एक दिवस चकतीत कुठेतरी एखादं कडं जरासं तापतं. अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटू लागतात, चुंबकाची पकड बसते, घर्षण होतं, शेजारचं कडं तापतं. माळावरच्या वाळल्या गवतात वणवा सरकावा तसा तो ताप कडेकडून मध्याकडे सरकतो. तो पार आतपर्यंत पोचला तर वर्षानुवर्षं साठलेला वायू काही आठवड्यांत कोसळतो, कोसळताना कोट्यवधी अंशांना तापतो आणि क्ष-किरण ओकतो. सात प्रकाशवर्षांवरून येणाऱ्या त्या क्ष-किरणांना पृथ्वीचं वातावरण अडवेल. वातावरणाच्या वर जे कुणी असतील त्यांना अडवणारं काही नव्हतं.

पण वणवा कधी अर्ध्यातच विझतो. विझणार की पोचणार, एवढाच प्रश्न होता. कड उजळल्यापासून क्ष-किरण येईपर्यंत साधारण आठवडा हाती मिळेल असा हिशेब होता. तिकडे जे व्हायचं ते सात वर्षांपूर्वी होऊन गेलेलं होतं. वाटेतल्या उजेडामागे काय येतंय, ते इथल्या माणसांनी ओळखायचं होतं.

वर त्या वेळी पाच माणसं होती. 'अलका' नावाच्या अंतराळ स्थानकात. त्यांच्यातली एक शलाका, निलाक्षीची धाकटी बहीण.

* * *

सिम्युलेशन म्हणजे ती चकती संगणकात उभी करायची. जागेचे बारीक घन करायचे, प्रत्येक घनात वायू किती, तापलेला किती, चुंबकत्व कुठल्या दिशेला, हे मांडायचं आणि क्षणाक्षणाने पुढे न्यायचं. घन जितके लहान, तितकं चित्र खरं. पण पुरेसे लहान घन घेतले तर आठवड्याचं भाकीत करायला महासंगणकालाही दोन वर्षं लागली असती. म्हणून निलाक्षीच्या गटाने कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक शिकवलेलं जाळं जोडलं होतं. घनांच्या आत मावणारे लहान लहान भोवरे ते अनुभवाने भरून काढी. त्याला सगळे 'पूरक' म्हणत. हवामानवाल्यांसारखंच इथेही एकच रन, म्हणजे सिम्युलेशनची एकच फेरी, लावून भागत नसे. सुरुवातीला केसाएवढा फरक ठेवून अनेक रन लावायचे आणि किती रनांत स्फोट होतो ते मोजायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आकडा आला. दहापैकी सहा.

केंद्राचे संचालक सदानंद हुद्देदार तिच्या खुर्चीमागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. तिने पीएचडी त्यांच्याच हाताखाली केली होती.

"सहा म्हणजे ते खाली आणणार नाहीत," ते म्हणाले. "नऊची अट आहे."

"ठाऊक आहे, सर."

"अलकाचा नवा भाग अर्धा जोडलेला आहे. माणसं उतरली तर स्थानक भेलकांडेल. परत ताब्यात येईल असं नाही. बारा वर्षांचं काम आहे लोकांचं."

"ठाऊक आहे."

"संध्याकाळी पाचला बैठक. जे आहे ते सांग." ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "शलाकाशी बोललीस?"

"रविवारी बोलले होते. तेव्हा हे नव्हतं."

ते गेल्यावर तिने स्फोट न दाखवणारे रन एकेक करून उघडले. तिला फक्त बघायचं होतं, वणवा कुठे विझतो ते. एका रनमध्ये मधल्या एका पट्ट्यात घन जरा विरळ होते. दुसऱ्यात चुंबकीय रेषांचा हिशेब एके ठिकाणी किंचित चुकत होता. तिसऱ्यात पूरकाने एक भोवरा जरा जास्तच गुळगुळीत केला होता. खोट प्रत्येकात होती. खोट नसलेलं सिम्युलेशन जगात नसतं. स्फोट दाखवणारे रन उघडले असते तर त्यांतही तेवढीच सापडली असती. ते तिने उघडले नाहीत.

विझणाऱ्या रनांतल्या बहुतेकांपुढे तिने 'सदोष' अशी खूण केली. उरलेल्यांची मोजणी आपोआप नव्याने झाली.

बैठकीत अंतराळ संस्थेच्या मोहीमप्रमुख पडद्यावर होत्या, शेजारी त्यांची माणसं. निलाक्षीने चकती दाखवली, कड दाखवली. मग म्हणाली, "दहापैकी नऊ."

"दुपारच्या टिपणात सहा होतं," मोहीमप्रमुख म्हणाल्या.

"काही रनांत घनांची जाळी कच्ची निघाली. ते वगळले."

मोहीमप्रमुखांनी हुद्देदारांकडे पाहिलं. हुद्देदार टेबलावरचं पेन सरळ करत होते. त्यांनी मान वर केली आणि होकारार्थी हलवली.

* * *

पाचही जण उतरले. समुद्रातून काढून, तपासण्या करून शलाकाला दोन दिवसांनी घरी पाठवलं. तिला चालताना अजून भिंतीचा आधार लागत होता. आई मूळची तेल्हाऱ्याची. निलाक्षीकडे सासवडला राहायला येऊन तिला दहा वर्षं झाली होती, पण बोली तिने सोडली नव्हती.

"आली वं माही पोरगी," असं म्हणून तिने शलाकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि ती भाकरी थापायला बसली.

शलाका जेवली नाही. निलाक्षी समोर येऊन बसली तेव्हा म्हणाली, "ताई, मी नव्या भागाचा यांत्रिक बाहू अर्धा बसवला होता. दोन बोल्ट राहिले होते. तसाच लटकत सोडून आले."

"शलू, तिकडून जर..."

"जर. अलका काल फिरायला लागली. आता ती धरता येणार नाही. पंधरा वर्षं मी वर जायची वाट बघितली आणि तुमच्या जरसाठी तिला टाकून आले."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. "तुमचं ते काय असन ते असो. पोर घरी आली, मले तेवढं पुरे."

पुढचे दिवस निलाक्षीने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. फरझाना रोज डेटा पाठवी. कड उजळलेलीच होती, वाढत नव्हती. विझतेय की आत सरकतेय ते कळत नव्हतं. शलाका घरात असून तिच्याशी बोलत नव्हती. निलाक्षीच्या मनात एक विचार येई आणि त्याची तिला भीती वाटे: स्फोट व्हायला हवा.

तो झाला. भर सकाळी, साडेनऊच्या सुमाराला. आकाशात काही दिसलं नाही. आईची टीव्हीवरची मालिका अडकली. फोनवरचे नकाशे भलतीकडेच दाखवू लागले, मग बंद पडले. पुण्याहून निघालेली विमानं परत वळवली. दुपारपर्यंत जगातले निम्मे उपग्रह मुके झाले होते. माणसं आपापल्या अंगणात उभी राहून स्वच्छ निळ्या आकाशाकडे बघत होती. तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणूनच कुणाला आत जाववत नव्हतं.

अलका अजून गटांगळ्या खात फिरत होती. तिच्यावरची किरणोत्सर्ग मोजणारी यंत्रं बंद पडेपर्यंत आकडे पाठवत राहिली. ते शलाकाला संस्थेतून कळवले गेले. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. निलाक्षी ओट्याशी उभी होती.

"दीड दिवस," शलाका म्हणाली. "आम्ही दीड दिवस टिकलो असतो. त्यातला दुसरा अर्धा काही जगण्यासारखा नसता."

मग ती बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकवून बराच वेळ तशीच उभी राहिली. निलाक्षीने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या क्षणी तिला सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही.

* * *

पाच जीव वाचवणारं केंद्र म्हणून त्यांचं नाव जगभर झालं. हुद्देदारांना परदेशातून बोलावणी आली, निलाक्षीला पदकं मिळाली. शाळेच्या पुस्तकात चकतीचं चित्र आलं. केंद्राचं नाव बदलून 'इशारा केंद्र' झालं आणि तिथे नवा, मोठा महासंगणक बसला. अंजिरांची शेड पाडून त्याच्या शीतकरणाची टाकी बांधली. वर काहीही पाठवायचं असलं, माणूस, उपग्रह, प्रवासी यान, की आधी इथला आकडा मागितला जाऊ लागला: दहापैकी किती रनांत डोह शांत राहतो. आकडा नऊच्या वर असला की विमा कंपन्यासुद्धा प्रश्न विचारत नसत.

तीन वर्षं गेली. उपग्रह पुन्हा उभे राहिले. चंद्राच्या दक्षिण टोकाला पहिलं कायमचं शिबिर वसवायचं ठरलं. चौतीस माणसं तिथे दोन-दोन वर्षं राहणार होती. निवासाला पातळ पारदर्शक घुमट होते, कारण केंद्राने सांगितलं होतं की डोहाची चकती रिकामी झाली आहे आणि ती भरायला निदान चाळीस वर्षं लागतील. आकडा साडेनऊच्याही वर होता.

शिबिराची प्रमुख म्हणून शलाकाची निवड झाली. तिने सगळ्यांत आधी निलाक्षीला फोन केला. तिचा आवाज लहानपणी शर्यत जिंकून आल्यावर असायचा तसा होता.

निलाक्षी तेव्हा केंद्रात असली तरी भाकिताच्या कामात नव्हती. पदकांनंतर तिने हळूहळू ते काम अंगाबाहेर टाकलं होतं. ती डोहाभोवतीच्या विझक्या गोळ्याचा अभ्यास करत होती. त्यात तिला एक गोष्ट दिसली. स्फोटाच्या क्ष-किरणांनी तो गोळाही भाजून निघाला होता. त्याची साल फुगली होती आणि तो आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वायू सोडत होता. चकती चाळीस वर्षांनी नव्हे, केव्हाही भरू शकत होती.

तिने जुना महासंगणक मागून घेतला आणि जुन्या पूरकाने रन लावले. दहापैकी पाच रनांत दोन-तीन वर्षांत पुन्हा स्फोट होत होता. मग तिने तेच सगळं केंद्राच्या नव्या कोडमध्ये घातलं. दहापैकी एकही नाही.

फरक कुठून येतो ते शोधायला तिला फार खोल जावं लागलं नाही. नव्या कोडने निम्मे रन सुरुवातीलाच 'सदोष' म्हणून टाकून दिले होते.

* * *

हुद्देदारांनी तिला बसायला सांगितलं. त्यांच्या खोलीतून आता टाकीचा अखंड घुमणारा आवाज येत असे.

"सर, त्या दिवशी आकडा सहा होता. नऊ मी केला."

त्यांनी समोरची फाइल मिटली.

"जे रन मला नको होते ते मी सदोष ठरवले. शलाका वर होती म्हणून."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," हुद्देदार म्हणाले. "बैठकीच्या आधी मी पाहिलं होतं."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मग तुम्ही मान का हलवलीत?"

"कारण पाच माणसं होती. मलाही ती खाली हवी होती. आणि निलाक्षी, तू चुकलीस कुठे? स्फोट झाला. म्हणजे सहा हा आकडा चूक होता आणि नऊ बरोबर. तू वगळलेले रन खरोखरच सदोष होते. त्यावरून आम्ही नव्या पूरकाला शिकवलं, सदोष रन कसा ओळखायचा ते. डोहाचा प्रत्यक्ष पाहिलेला स्फोट एकच आहे आपल्याकडे. शिकवायचं तर दुसऱ्या कशावरून?"

"सर, मी खोट बघून ते वगळले नव्हते. ते वेगळं सांगत होते म्हणून वगळले. तुमचा पूरक तेच शिकलाय. बाकीच्यांपेक्षा वेगळं सांगेल तो सदोष. मग आकडा नेहमीच नऊ येणार. नाहीतर शून्य."

हुद्देदारांनी चष्मा काढून पुसला. ते बरेच थकलेले दिसत होते.

"तीन वर्षांत त्या आकड्यांवर किती यानं गेली, मोजलीस? एकही आकडा चुकला नाही."

"तीन वर्षं डोह शांत होता. कुणी काहीही म्हटलं असतं तरी चुकलं नसतं."

"तू सुट्टी घे," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं.

* * *

शलाका विलगीकरणात जाण्याआधी आईला भेटायला आली. परत निघाली तेव्हा निलाक्षी तिला विमानतळावर सोडायला गेली. दिवेघाट उतरताना तिने गाडीचा वेग कमी केला आणि सगळं सांगितलं. सहा, नऊ, हुद्देदार, फुगलेला गोळा, पाच.

शलाका खिडकीबाहेर बघत राहिली. घाटाखाली पुण्याच्या इमारती धुरकट दिसत होत्या.

"म्हणजे मी जिवंत आहे ती तू खोटं बोललीस म्हणून," ती म्हणाली.

"हो."

"आणि अलका गेली तीही त्यामुळेच. खरं सांगितलं असतंस तर आम्ही वर राहिलो असतो आणि मेलो असतो." तिने खिडकीची काच खाली केली. "याच्यावर मी काय बोलायचं ग ताई?"

"काही बोलू नको. फक्त जाऊ नको."

"का?"

"दहापैकी पाच."

"खरे पाच की माझ्यासाठी केलेले पाच?"

निलाक्षीने गियर बदलला. तिच्या लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही शब्दांत दिलं तरी समोरच्याला ते तपासता येणार नाही. आपल्या बहिणीलासुद्धा.

"खरे," ती शेवटी म्हणाली.

"मागच्या वेळीही तू असंच सांगितलं असशील त्या लोकांना. याच आवाजात." शलाका चिडून बोलत नव्हती. ती खरंच विचार करत होती. "तेहेतीस माणसं आहेत माझ्यासोबत. मी आज नाही म्हटलं तर दुसरं कुणी प्रमुख होईल आणि त्याला यातलं काहीच माहीत नसेल. तू लेखी कळव सगळ्यांना. थांबवलं तर थांबू. नाही थांबवलं तर मी जाणार."

निलाक्षीने लेखी कळवलं. तीन जणांची समिती बसली. त्यांनी तिला अतिशय आदराने वागवलं, चहा दिला, पाच जीव वाचवल्याबद्दल पुन्हा आभार मानले. तिने सहा म्हटलं, त्यांनी विचारलं, पण स्फोट झाला ना? तिने हो म्हटलं. मग चूक काय होती, असं त्यांनी विचारलं. ती तासभर समजावत राहिली. समितीतल्या एका तरुण गणितज्ञाला ते समजलं असावं. तो खाली मान घालून कागदावर काहीतरी आखत राहिला आणि शेवटी बोलला नाही. अहवालात लिहिलं होतं की डॉ. वाकोडे यांनी त्या वेळी अनुभवाने घेतलेला निर्णय योग्य ठरला, त्यांचा आत्ताचा अपराधभाव हा दीर्घ ताणाचा परिणाम दिसतो, आणि केंद्राच्या भाकीत पद्धतीवर समितीचा पूर्ण विश्वास आहे.

तिचा केंद्राचा पास त्याच आठवड्यात बंद झाला. शिबिराचं यान ठरल्या दिवशी गेलं.

* * *

यान गेल्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी फरझाना घरी आली तेव्हा आई अंगणात कुरडया वाळत घालत होती. फरझानाने लॅपटॉप आणला होता. आत आल्यावर तिने दार लोटलं.

"मॅडम, हे मी दाखवतेय हे कुणाला सांगू नका."

पडद्यावर डोहाची चकती होती. फरझानाने खरं तर काही दाखवायची गरज नव्हती. निलाक्षीला ते दारातल्या तिच्या चेहऱ्यावरच दिसलं होतं.

"कड," निलाक्षी म्हणाली.

"परवापासून. मी सरांकडे नेलं. त्यांनी कोडमध्ये घातलं. कोड म्हणतो दुर्बिणीचा गोंगाट आहे. रिकामी चकती उजळूच शकत नाही, म्हणून निरीक्षणच सदोष." तिने लॅपटॉपचा पडदा मिटला. "आता तो आमची निरीक्षणंही वगळतो, मॅडम."

"चंद्रावर कळवलंय?"

"कळवण्यासारखं काही नाही असं ठरलंय. सामान नेणारं यान तसंही पुढच्या महिन्यात आहे. घाई केली तरी परतताना त्यात दहाच जण मावतील."

दुपारी शलाकाची घरच्यांशी बोलायची वेळ होती. आई आधी बोलली. जेवण काय मिळतं, झोप येते का, थंडी आहे का. चंद्रावरून उत्तर यायला तीनेक सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात आई दर वेळी पुढचा प्रश्न विचारून मोकळी होई. मग कुरडया झाकायच्या आहेत म्हणून ती उठली. निलाक्षी पडद्यासमोर बसली. शलाकाच्या चेहऱ्यावर राखाडी धूळ होती आणि डोळ्यांखाली सूज.

"शलू, कड उजळली आहे."

तीन सेकंद. शलाकाचा चेहरा तसाच राहिला, मग बदलला.

"इथे आकडा आलेला नाही."

"येणार नाही."

पुन्हा ते थांबणं. पडद्यावर शलाका मागे वळून दाराकडे बघत होती. मग तिने कॅमेरा जवळ ओढला.

"तुझा किती?"

"पाच. दहापैकी पाच, शलू. जास्तही नाही, कमीही नाही. मला खरंच माहीत नाही."

या वेळी उत्तराला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले.

"मागच्या वेळी तू कुठेही म्हणाली नव्हतीस की मला माहीत नाही," शलाका म्हणाली. "किती दिवस आहेत?"

"परवापासून उजळतेय. चार. कदाचित पाच."

"ऐक. इथे उतरल्यापासून मी खणायला लावलंय. वेळापत्रकात नाही ते, खाली कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं मला वेड लागलंय. एक रोबो अडकून मोडला, आता हातांनी चाललंय. वरची माती पिठासारखी आहे, पण वीतभर खाली गेलं की दगडासारखी दाबलेली. आत चौतीस माणसं झोपवायची आणि वर झाकण घालून त्यावर माती लोटायची. झाकणाला घुमटांच्याच पट्ट्या काढाव्या लागतील."

"डोक्यावर निदान कंबरभर माती हवी, शलू. त्याच्याहून कमी असून चालणार नाही."

"हं."

"किती खोल गेलात?"

तीन सेकंद गेले. अंगणातून आईचा आवाज आला, "काय म्हणते वं शलू?" निलाक्षीने हाताने तिला थांब म्हणून खूण केली. पडद्यावर तिची बहीण हेल्मेटसाठी हात लांब करत होती, आणि तसा हात लांब ठेवूनच ती बोलली.

"गुडघाभर."

मग तिने तोंड फिरवून कुणाला तरी हाक मारली आणि सांगितलं की दुर्बिणीचं काम, प्रयोगशाळेचं काम, सगळं सोडा आणि सगळे जण खड्ड्याकडे या. कॅमेरा बंद करायला ती विसरली. रिकाम्या खोलीत घुमटातून पांढरं ऊन येत होतं. ते पडद्यावर दिसत राहिलं, बोलायची वेळ संपून संपर्क आपोआप तुटेपर्यंत.